कलम कोणते?

'कलम' हा शब्द मराठीत दोन अर्थांनी नांदतो. लेखणी म्हणजे कलम आणि कायद्यातली तरतूद म्हणजेही कलम. मुस्लिम मराठी लेखकाने पहिले कलम हाती घेतले त्याला काही दशके झाली. दुसऱ्याकडे मात्र त्याने पुरेसे पाहिलेले नाही, असे आमचे मत आहे. अटक हा आमच्या कथा-कवितांतला ओळखीचा विषय. रात्री दार वाजते, पोराला उचलून नेतात, अम्मी कोर्टाच्या पायरीवर बसून राहते आणि पुढच्या परिच्छेदात वर्षे उलटलेली असतात. मधला कागद गळून जातो. पोरावर नेमका कोणता आरोप होता, तो घरच्यांना कधी कळला, कोणत्या भाषेत कळला, हे वाचकाला शेवटपर्यंत समजत नाही.

याला आपली भाषाही थोडी जबाबदार आहे. 'आरोप' या एका शब्दात आपण बरेच काही कोंबतो. अटक करताना पोलिसांनी सांगायची ती अटकेची कारणे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२(१) ने दिलेला तो हक्क आहे, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७ मध्येही तो आहे. एफआयआर हा वेगळा कागद. चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभे करून पोलीस कोठडी मागतात, तो रिमांडचा अर्ज तिसरा. आरोपपत्र त्यानंतरचे, कोठडीतल्या माणसाच्या बाबतीत ते ६० किंवा ९० दिवसांत यावे लागते, यूएपीएखाली ही मुदत १८० दिवसांपर्यंत वाढवून घेता येते. आणि न्यायाधीश आरोप निश्चित करतात ती सर्वांत शेवटची पायरी. 'आरोपी' हे नाव मात्र पहिल्याच दिवशी चिकटते. नाव आणि आरोप यांच्यामधले हे अंतर म्हणजेच खरे कथानक. आमचे कथाकार ते ओलांडून जातात.

चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' (२०१४) हा मराठी चित्रपट ते ओलांडत नाही, म्हणून तो आम्हांला महत्त्वाचा वाटतो. लोकशाहीर नारायण कांबळे यांना कार्यक्रम चालू असतानाच मंचावरून अटक होते. त्यांच्या गाण्यामुळे एका सफाई कामगाराने गटारात उतरून जीव दिला, म्हणजे त्यांनी आत्महत्येस प्रवृत्त केले, हा आरोप. चित्रपट आक्रोश करत नाही, तो कागद वाचतो. गीतांजली कुलकर्णींनी उभी केलेली सरकारी वकील कायद्याचे उतारे एका सुरात वाचत जाते आणि त्या वाचनातूनच आरोपाचा पोकळपणा उघडा पडतो. मग कामगाराची विधवा सांगते, की गटारात खडा टाकल्यावर झुरळे बाहेर आली तरच तो आत उतरायचा. एवढ्या साध्या वाक्याने सारे प्रकरण ढासळते. पण सुटकेचा आनंद टिकत नाही. जामिनावर सुटलेल्या शाहिराला पुन्हा अटक होते, आता यूएपीए लावून. वीरा साथीदार यांचा थकलेला, शांत चेहरा हे सगळे सोसतो. तरीही एक उणीव आहे. कांबळेंच्या पाठीशी वकील आहे. वकील मिळण्याआधीच्या तासांत, घरच्यांच्या धावपळीत, चित्रपट रमत नाही.

ते तास अब्दुल वाहिद शेख यांच्या 'बेगुनाह कैदी' या मूळ उर्दू पुस्तकात आहेत. मुंबईचे हे शिक्षक ११ जुलै २००६ च्या लोकल स्फोटांच्या खटल्यात अटक झाले आणि २०१५ मध्ये निर्दोष सुटले. उरलेल्या १२ जणांना विशेष न्यायालयाने दोषी ठरवले होते. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या सर्वांची शिक्षा रद्द केली. तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाचा दाखला इतर खटल्यांत देण्यास स्थगिती दिली. मात्र सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात पाठवले नाही. पुस्तक घोटीव नाही. पण त्यातला आरोपी खटल्याच्या कागदांचा वाचक होतो आणि छापील ओळीसमोर स्वतःचे भोगलेले ठेवतो. याला 'दस्तऐवज' म्हणून साहित्याच्या दाराबाहेर बसवणारी समीक्षा आम्हांला मान्य नाही.

उरतो भाषेचा प्रश्न, आणि तो थेट आमचा आहे. नागपूरच्या एका स्थानबद्धाला कारणे इंग्रजीत दिली गेली. त्याला इंग्रजी येत नव्हते. अशी कारणे कळवली असे म्हणता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्येच सांगितले. ६ नोव्हेंबर २०२५ रोजी, मुंबईच्याच एका प्रकरणात, त्याच न्यायालयाने आणखी स्पष्ट केले: गुन्हा कोणताही असो, अटकेची कारणे लेखी आणि अटक झालेल्याला समजणाऱ्या भाषेत द्यावीत, लगेच जमले नाही तर निदान रिमांडसाठी हजर करण्याच्या दोन तास आधी. नव्या संहितेच्या कलम ३७ नुसार अटक झालेल्यांची नावे आणि गुन्ह्याचे स्वरूप प्रत्येक ठाण्यात ठळकपणे लावायचे आहे.

आता आमच्या घरांकडे पाहा. अम्मी दखनी बोलते, कोकणातली आजी कोकणी. अब्बा उर्दू वाचतात. ठाण्यातला कागद मराठीत असतो, वरच्या कोर्टातली चर्चा इंग्रजीत. अशा वेळी मोहल्ल्यात हाक जाते ती मराठी येणाऱ्याला. तो चौकटीत उभा राहून कागद वाचतो, कलम कोणते, ठाणे कोणते, उद्या कोणत्या कोर्टात हजर करणार, ते सांगतो. एखादा शब्द अडतो, एखादा तो मुद्दाम सौम्य करतो. सगळी गल्ली त्याच्या तोंडाकडे पाहत असते. मुस्लिम मराठी लेखक म्हणजे दुसरे कोण? हे पात्र आमच्या साहित्यात अजून नीट उभे राहिलेले नाही. ते उभे राहील तेव्हा अम्मीच्या डोळ्यांतल्या पाण्याबरोबर तिच्या हातातला कागदही वाचकाला दिसेल.