'ताजमहाल फॉक्सट्रॉट' : पाहुणे कलावंत आणि घरचे कलावंत

नरेश फर्नांडिस यांचा 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' हा इंग्रजी ग्रंथ २०१२ साली प्रसिद्ध झाला. मुंबईतील जाझसंगीताचा हा इतिहास आपल्या कुटुंबांतून वाचला जावा असे आम्हांस वाटते, कारण त्यात आपलीच माणसे भेटतात.

१९३५ साली लिऑन अ‍ॅबी आपला कृष्णवर्णीय वाद्यवृंद घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. मागोमाग क्रिकेट स्मिथ व पियानोवादक टेडी वेदरफर्ड आले. त्यांच्या मायदेशी, न्यूयॉर्कच्या कॉटन क्लबात, कृष्णवर्णीयांनी वाजवावे आणि गोऱ्यांनीच ऐकावे अशी रीत होती. मुंबईत त्यांना मान मिळाला खरा, परंतु तो देणारे होते साहेब, संस्थानिक आणि धनिक. परळ-लालबागचा गिरणीकामगार त्या श्रोत्यांत नव्हता. वेदरफर्डचा अंत १९४५ साली कलकत्त्यात पटकीने झाला.

या संचांत गोव्याचे तरुणही वाजवू लागले. गावच्या चर्चशाळेत मेस्ताने, म्हणजे संगीतशिक्षकाने, मिस्सेच्या गायनासाठी शिकविलेले स्वरवाचन त्यांना मुंबईत पोटास उपयोगी पडले. फ्रँक फर्नांड वेदरफर्डच्या संचात गेले. हळदोण्याचे अंतोनियो शावियर वाझ 'चिक चॉकलेट' झाले आणि 'हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग' म्हणून गाजले. ही पदवी आम्हांस रुचत नाही. गौरवासाठीही परक्याचेच नाव उसने घ्यावे काय?

पुढे ही मंडळी चित्रपटांत गेली. 'अलबेला' (१९५१) मध्ये चिक पडद्यावरही दिसतात. त्या गाण्यांचे संगीतकार सी. रामचंद्र मराठी घरांत सर्वांस ठाऊक आहेत. त्यांचे साहाय्यक चिक किती जणांस ठाऊक आहेत?

माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांची कथा तर अधिकच विलक्षण. १९५८ साली त्यांनी भारतीय सिंफनी वाद्यवृंद उभारला. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी 'अमर अकबर अँथनी' (१९७७) मधील गीताद्वारे गुरूचे नाव घरोघरी पोहोचविले. हेतू कृतज्ञतेचा होता, याविषयी शंका नाही. पण पडद्यावर ते नाव कोणास लाभले? ईस्टरच्या भल्यामोठ्या अंड्यातून बाहेर पडणाऱ्या, दारूचा गुत्ता चालविणाऱ्या विनोदी नायकास! प्रेक्षक हसले, आपणही हसलो. त्या नावाचा एक विद्वान व्हायोलिनवादक हयात आहे, हे फारच थोड्यांस माहीत होते. २०१२ च्या जानेवारीत ते निवर्तले.

फर्नांडिस यांनी ही विस्मृती मोठ्या जिव्हाळ्याने दूर केली आहे. मराठीत असा ग्रंथ व्हावयाचा तर साधने हवीत. गिरगाव-दादरच्या ज्या घरांत माळ्यावर वडिलांचे ट्रंपेट, स्वरलिपीच्या वह्या वा स्टुडिओतील छायाचित्रे पडून असतील, त्यांनी ती तूर्त रद्दीत देऊ नयेत.