सिंधूचा धडा

राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेर येथे निवर्तले आणि पुढच्याच महिन्यात गंधर्व नाटक मंडळीने त्यांच्या 'एकच प्याला'चा पहिला प्रयोग बडोद्यास केला. गडकऱ्यांचा जन्म बडोदे संस्थानातल्याच नवसारी भागातला. म्हणजे नाटक एका अर्थी माहेरी आले, पण नाटककाराविना. बालगंधर्व सिंधू झाले होते, गणपतराव बोडस सुधाकर.

या नाटकाचे तात्पर्य काय? आम्ही मास्तर मंडळी 'मद्यपानाचे दुष्परिणाम' असे फळ्यावर लिहून मोकळे होतो. मीही अनेक वर्षे तेच लिहिले. एकदा दहावीच्या वर्गात एका मुलीने विचारले, "सर, सिंधू माहेरी का गेली नाही?" मी पातिव्रत्यावर चार वाक्ये बोललो. मुलगी गप्प बसली. तिच्या घरची परिस्थिती मला ठाऊक होती. आपण उत्तर दिले नाही, तिला गप्प केले, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आले.

दारू हाच या नाटकाचा विषय असता, तर बडोद्यात ते केव्हाच कालबाह्य ठरायला हवे होते. १९६० मध्ये गुजरात राज्य झाले तेव्हापासून तेथे कायद्याने दारूबंदी आहे. तरी सिंधूचे दुःख तेथल्या मराठी माणसाला आजही परके वाटू नये. कारण ही मुळात प्रेमाची शोकांतिका आहे. सुधाकर दुष्ट नाही. तो बुद्धिमान, मानी आणि तापट वकील आहे. कोर्टात अपमान होतो, सनद काही काळापुरती जाते, आणि ते शल्य विसरण्यासाठी तळीरामाच्या हातून पहिला प्याला ओठी लागतो. अपमान बायकोपाशी बोलून दाखवता आला असता, तर कदाचित प्याल्याची गरजच पडली नसती. प्रेम होते, पण मन मोकळे करण्याची वाट नव्हती.

सिंधूचे प्रेमही तसेच एकमार्गी. ती दळण दळते, माहेरची मदत नाकारते, पोटचे मूल गमावते आणि मरतानाही पोलिसांपुढे नवऱ्यावर दोष येऊ देत नाही. शेक्सपिअरची डेस्डिमोनाही शेवटच्या श्वासाला पतीचा गुन्हा स्वतःवर घेते. देवलांच्या 'झुंजारराव'मुळे 'ऑथेल्लो'ची ती कथा १८९० पासून मराठी रंगभूमीच्या परिचयाची होती. परंतु डेस्डिमोनाचे मरण पाहून कोणी आपल्या लेकीला 'तशी हो' म्हणत नाही. सिंधूच्या बाबतीत मात्र आपण नेमके तेच म्हणत आलो. शोकांतिका आपल्याला हळहळायला लावते, ती अनुकरणासाठी नव्हे, हा साधा विवेक आपण हरवला. गडकऱ्यांनी तिच्या शेजारी तळीरामाची फटकळ गीता उभी केली आहे; तिच्या बोलण्यावर आपण हसतो आणि तिचे म्हणणे विसरतो.

ज्या बडोद्याने सिंधूसाठी प्रथम डोळे पुसले, त्याच संस्थानात सयाजीरावांच्या कारकिर्दीत १९३१ साली हिंदू घटस्फोटाचा कायदा झाला. नाटकामुळे कायदा झाला, असे मला मुळीच म्हणायचे नाही. पण बारा वर्षांच्या अंतराने घडलेल्या या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात. एक सांगते की दार बंद असले म्हणजे चांगली माणसेही कशी मरतात. दुसरी त्या दाराला कडी काढून देते.

सिंधूची थोरवी यामुळे उणी होत नाही. तिची माया खरीच आहे, म्हणून तर तिचा शेवट सोसवत नाही. आता तो भाग शिकवताना मी फळ्यावर तात्पर्य लिहीत नाही. त्या मुलीचाच प्रश्न लिहितो आणि वर्गाला बोलू देतो. तिला मात्र तिचे उत्तर वेळेवर मिळाले नाही, ही रुखरुख उरतेच.