बुकितच्या पाच लाटा

बालीच्या नकाशात दक्षिणेला एका अरुंद पट्टीने जोडलेला चुनखडीचा भाग दिसतो, तो बुकित. त्याच्या पश्चिम कड्याखाली, उलुवातूपासून बालांगानपर्यंतच्या काही किलोमीटरांत, पाच नामांकित लाटा फुटतात: उलुवातू, पादांग पादांग, इम्पॉसिबल्स, बिंगिन आणि बालांगान. पाचही एकाच स्वेलवर, म्हणजे दूरच्या वादळांतून निघालेल्या लाटांच्या रांगांवर, जगतात आणि पाचही डाव्या, म्हणजे किनाऱ्याकडे तोंड करून लाटेवर उभ्या असलेल्या सर्फरच्या डाव्या हाताला उलगडत जाणाऱ्या. तरीही एक लाट ओळखीची झाली म्हणून दुसरी कळत नाही. लाटेला बळ वारा देतो, पण तिचा स्वभाव तळचा खडक ठरवतो, हे या किनाऱ्याइतके उघडपणे मी दुसरीकडे कुठे पाहिलेले नाही.

आधी बळाकडे पाहू. मे ते सप्टेंबर हा दक्षिण गोलार्धातला थंडीचा काळ. चाळीस ते साठ अक्षांशांच्या पट्ट्यात, हिंदी महासागराच्या दक्षिण भागातल्या केर्गेलेन बेटांच्या आसपास, तेव्हा वादळामागून वादळ जाते आणि तिथल्या वाऱ्याला अडवायला जमीनच नसते. त्या खवळलेल्या पाण्यातून बालीला पोचेपर्यंत सुमारे सहा हजार किलोमीटरांचा प्रवास होतो. खोल समुद्रात जिचा आवर्तनकाळ, म्हणजे लागोपाठच्या दोन माथ्यांमधला वेळ, जास्त ती लाट अधिक वेगाने धावते, म्हणून वाटेत सगळ्या लाटांची आपोआप निवड होते. वीस सेकंदांच्या अंतराने येणाऱ्या लाटांची ऊर्जा साडेचार दिवसांत पोचते, सोळा सेकंदांच्या लाटांना साडेपाच दिवस लागतात आणि बारा सेकंदांच्या लाटांना साडेसात. वादळापाशी जो गोंधळ होता, तो इथे येईपर्यंत समांतर ओळींत लागलेला असतो. समुद्रशास्त्रज्ञ वॉल्टर मंक यांनी 1963 मध्ये न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत निरीक्षणकेंद्रे मांडून दाखवले, की दक्षिणेकडच्या वादळांतून निघालेला असा स्वेल अख्खा प्रशांत महासागर पार करूनही फारसा क्षीण होत नाही. कड्यावरून पाहताना क्षितिजावर जी गडद रेघ उमटते, तिचे वय पाच-सहा दिवसांचे आहे हे ठाऊक असले की ती रेघ वेगळीच दिसते.

आता खडक. सोळा सेकंदांच्या लाटेची खोल पाण्यातली लांबी सुमारे चारशे मीटर असते आणि त्याच्या निम्म्या खोलीवर, म्हणजे दोनशे मीटरांवर, तिला तळाची चाहूल लागते. तळ लागला की ती मंदावते, तिची लांबी घटते, उंची वाढते आणि ती उथळ बाजूकडे वळू लागते. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या जेमतेम सव्वापट उरली की ती फुटते. उतार सौम्य असेल तर फेस माथ्यावरून हळूहळू ओघळतो. खोल पाण्यातून प्रवाळखडक एकदम वर आला असेल, तर लाटेचा पाय अडतो, माथा पुढे झेपावतो आणि मधे पोकळी तयार होते. सर्फर जिच्यासाठी देशोदेशी हिंडतात ती ट्यूब म्हणजे ही पोकळी.

उलुवातू द्वीपकल्पाच्या नैर्ऋत्य टोकाला आहे, म्हणून नैर्ऋत्येचा स्वेल सर्वप्रथम तिथे पोचतो. कड्यातल्या गुहेतून पाण्यात उतरायचे. समोर एकाच प्रवाळखडकावर अनेक लाटा मांडलेल्या असतात. दक्षिणेला कड्यावरच्या देवळाच्या बाजूची टेंपल्स, गुहेसमोरची पीक, तिच्यापुढे रेसट्रॅक्स, आणि स्वेल फार मोठा असला की बाहेरच्या अंगाला आउटसाइड कॉर्नर. भरतीला पीक खुलते. पाणी उतरू लागले की खेळ रेसट्रॅक्सकडे सरकतो, कारण तिथे खडक उथळ आहे आणि भिंत इतक्या वेगाने कोसळत जाते की सर्फरला वळणे घ्यायला उसंत मिळत नाही. सरळ रेषेत सुटायचे, बस्स. मोठ्या स्वेलच्या दिवशी ओहोटीला आउटसाइड कॉर्नरवर लांब, भारदस्त लाट उभी राहते. भरतीचा तक्ता हाती घेऊन दिवसभर कड्यावर बसणाऱ्याला उलुवातू एका लाटेऐवजी तीन-चार लाटा दाखवते. हे वैविध्य मला तिच्या उंचीपेक्षा मोठे वाटते. परतताना प्रवाह सर्फरला उत्तरेकडे ओढतो, म्हणून गुहेच्या बऱ्याच दक्षिणेकडचा नेम धरून हात मारावे लागतात. नेम चुकला तर पुन्हा बाहेर जाऊन वळसा घालायचा. ॲल्बर्ट फाल्झन यांच्या 1972 च्या ‘मॉर्निंग ऑफ द अर्थ’ या चित्रपटात रस्टी मिलर आणि किशोरवयीन स्टीव्ह कूनी यांनी इथल्या लाटा घेतल्या, आणि जगभरच्या सर्फरांना या कड्याचा पत्ता लागला.

पादांग पादांग थोडी उत्तरेला, आत दडलेली. तिथे पोचायला स्वेलला टोकाभोवती अधिक वळावे लागते आणि वळताना त्याचे बळ पसरते. म्हणून उलुवातूवर डोक्याएवढ्या लाटा असल्या तरी इथे पाणी बहुधा स्वस्थ असते. मोठा स्वेल आला की मात्र ही लाट जागी होते आणि आखूड, उथळ खडकावर काटेकोर ट्यूब रचते. तिला पाणी पुरेसे लागते. ओहोटीला तिथे उतरणे म्हणजे खडकाशी भांडण. बुकितवरची सर्वांत रेखीव लाट मी हिलाच मानतो. तिच्यात अनावश्यक काही नाही: उठणे, वळणे, पोकळी, आणि बाहेरचा उजेड.

इम्पॉसिबल्स तिच्या उलट. लांबच लांब भिंत, पण ती इतकी भरभर फुटत जाते की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोचणे बहुतेकदा सर्फरच्या आवाक्याबाहेर राहते. बिंगिन छोटी आणि नेमकी: ठरलेल्या जागी उठते, क्षणभर पोकळ होते आणि उथळ खडकाशी संपते. बालांगान मोकळी, लांब, स्वेल वाढला की धावणारी.

या सगळ्यांना जोडणारा धागा वारा. एप्रिल ते ऑक्टोबर आग्नेयेचे व्यापारी वारे वाहतात. पश्चिमेला तोंड असलेल्या या किनाऱ्यावर ते जमिनीकडून समुद्राकडे जातात, येणाऱ्या लाटेचा माथा धरून ठेवतात, तिला उशिरा आणि उभी फुटू देतात. वादळे दक्षिणेला भरात असताना इथे नेमका असा वारा असावा, हा योग फार थोड्या किनाऱ्यांच्या वाट्याला येतो. नोव्हेंबर ते मार्चमध्ये वारा पश्चिमेकडून येऊ लागतो, बुकितचे पाणी विस्कटते आणि सर्फर पूर्वेला नुसा दुआ, सानूर, केरामासच्या उजव्या लाटांकडे वळतात.

दक्षिणेकडची वादळे आपल्याही किनाऱ्याकडे स्वेल पाठवतात. केरळात निरभ्र दिवशी अचानक समुद्र आत घुसतो; त्याला तिथे कल्लक्कडल म्हणतात आणि हैदराबादची इन्कॉइस संस्था त्याचे इशारे देते. पण मुंबईसमोरचा उथळ सागरमंच सुमारे तीनशे किलोमीटर रुंद आहे. लांब आवर्तनकाळाच्या लाटेला तिथे फार आधी तळ लागतो आणि तिची पुष्कळ ऊर्जा वाटेतच झिजते. शिवाय कोकणात आणि गोव्यात लाट बहुतेक ठिकाणी वाळूवर फुटते, आणि वाळू दर पावसाळ्यात जागा बदलते. म्हणून आपल्याकडे समुद्र भव्य असूनही वर्षानुवर्षे त्याच जागी, त्याच आकारात फुटणारी लाट विरळा.

म्हणूनच बुकितच्या लाटांची खरी जपणूक पाण्याखाली व्हायला हवी. स्वेल पुन्हा येईल; वादळांची कमतरता नाही. कड्यावरची बांधकामे आणि त्यांचे सांडपाणी वाढत राहिले, चुनखडी खचली, प्रवाळ मेला, तर मात्र येणाऱ्या पाण्याला आकार देणारे काही उरणार नाही. पादांग पादांगची रेखीव पोकळी आणि रेसट्रॅक्सचा वेग ही त्या खडकाची निर्मिती आहे. सर्फरच्या धाडसाला दाद देणाऱ्याने तेवढीच दाद त्या खडकाला द्यावी, आणि त्याच्या रक्षणासाठी बोलणाऱ्यांच्या बाजूने उभे राहावे.