किती ‘पॉवर’ची गोळी? : एका तक्त्याची झाडाझडती

मागच्या आठवड्यात गंगापूर रोडवरच्या आमच्या अभ्यासिकेत पेटची तयारी करणाऱ्या एका ज्युनिअरने मोबाईल पुढे केला. स्क्रीनवर तक्ता होता. डावीकडे काडतुसांची नावं, मग जूलमधली ऊर्जा आणि शेवटच्या रकान्यात ‘एका गोळीत थांबण्याचं प्रमाण’, तेही दशांशासकट. “दादा, याला डेटा म्हणायचं का?” असा त्याचा प्रश्न होता.

मला हसू आलं, कारण असाच एक तक्ता तीन वर्षांपूर्वी मी स्वतः केला होता. माझे एक काका दिंडोरी तालुक्यात द्राक्षं करतात. हंगामात रोख रक्कम घेऊन रात्री-अपरात्री येणं-जाणं असतं. त्यांनी जिल्हाधिकारी कार्यालयातून रीतसर परवाना काढला आणि मला फोन केला : “तू फिजिक्सवाला आहेस, सांग बरं, कुठल्या बोअरमध्ये दम असतो?” मी तासाभरात एक्सेल काढलं. गोळीचं वजन, वेग, अर्धा एम व्ही वर्ग. उतरत्या क्रमाने लावलं, रंग भरले, पाठवलं. आकडे सगळे बरोबर होते. तक्ता मात्र निरुपयोगी होता, आणि काकांनी तो माझ्या पदवीकडे बघून खरा मानला. म्हणून ही टीका आधी माझ्यावर आहे, मग इतरांवर.

पहिल्या रकान्यापासूनच गडबड सुरू होते. कॅलिबर म्हणजे ताकद नव्हे, कॅलिबर म्हणजे ढोबळमानाने गोळीचा किंवा नळीचा व्यास. .३८० एसीपी, .३८ स्पेशल, ९ मिमी पॅराबेलम आणि .३५७ मॅग्नम या चारही काडतुसांतली गोळी जवळपास सारख्याच जाडीची, साधारण ९ मिलिमीटरची असते. फरक पडतो तो दारू किती, गोळी किती जड आणि वेग किती यामुळे. .३८ असं नाव असलेली गोळी प्रत्यक्षात .३५७ इंचाची भरते, म्हणजे नावसुद्धा मोजमाप नाही. आपल्याकडे ‘.३२ बोअर’ म्हणतात तेव्हाही रिव्हॉल्व्हरचं .३२ आणि पिस्तुलाचं .३२ ही दोन वेगळी काडतुसं असतात. व्हेरिएबलची व्याख्या न करता बेरीज-वजाबाकीला लागायचं नाही, हे मेथडॉलॉजीच्या पहिल्या तासाला सांगतात. मी ते तेव्हा लिहूनही घेतलं होतं.

आता जूलचा रकाना. .३२ रिव्हॉल्व्हरची गोळी सुमारे ६.३५ ग्रॅमची, वेग सेकंदाला साधारण २१५ मीटर, म्हणजे ऊर्जा दीडशे जूलच्या आतबाहेर. ९ मिमीची ८ ग्रॅमची गोळी ३६० मीटर वेगाने गेली तर ५१८ जूल. .४५ एसीपीची जवळपास १५ ग्रॅमची गोळी २५५ मीटरने गेली तर ४८५ च्या आसपास. वाटतं, चला, क्रम लागला. आता १६० ग्रॅमचा क्रिकेटचा चेंडू ताशी १४० किलोमीटरने टाका. ऊर्जा १२१ जूल. रिव्हॉल्व्हरच्या गोळीच्या जवळपास! आणि संवेग? चेंडूचा ६.२, .४५ च्या गोळीचा ३.८ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद. म्हणजे संवेग हे ‘पॉवर’चं माप धरलं तर वेगवान गोलंदाज पिस्तुलापेक्षा वरचढ ठरतो.

उत्तर कुठे आहे ते लगेच दिसतं. चेंडूचा आघात सुमारे ४० चौरस सेंटिमीटरवर पसरतो, गोळीचा अर्ध्या चौरस सेंटिमीटरवर. दर चौरस सेंटिमीटरला चेंडू ३ जूल देतो आणि .३२ ची गोळी ३००. चेंडू कातडीवर थांबतो, गोळी आत जाते. कुठपर्यंत जाते आणि वाटेत काय लागतं, यावर सगळं ठरतं. ऊर्जेचा आकडा याबद्दल काहीच बोलत नाही. जाता जाता सिनेमाचंही बघून घेऊ. .४५ ची गोळी ७० किलोच्या माणसात पूर्ण अडकली तरी त्याला मिळणारा वेग सेकंदाला साडेपाच सेंटिमीटरही भरत नाही. गोळी लागून माणूस मागे उडतो, ही स्टंट डायरेक्टरची कृपा.

मग ‘थांबवण्याची ताकद’ मोजायचा प्रयत्न कुणी केलाच नाही का? केला. १९०४ साली अमेरिकन सैन्यासाठी थॉम्पसन आणि लागार्ड या दोन अधिकाऱ्यांनी शिकागोच्या कत्तलखान्यांच्या परिसरात जिवंत गुरांवर आणि मानवी प्रेतांवर गोळ्या झाडून बघितल्या. पार्श्वभूमी फिलिपिन्समधल्या मोरो लोकांशी चाललेल्या लढाईची होती, .३८ च्या गोळ्या खाऊनही माणसं अंगावर येतात अशी सैनिकांची तक्रार होती. प्रेतं टांगून ती गोळीने किती हलतात हेही पाहिलं गेलं. जनावरं थोडी, प्रत्येकाला गोळी लागलेली जागा वेगळी, झाडण्याची पद्धतही मध्येच बदललेली. निष्कर्ष मात्र ठाम : .४५ पेक्षा लहान नको. तिथून पुढे १९११ चं प्रसिद्ध .४५ पिस्तूल आलं. निष्कर्ष चूक होता असं मी म्हणत नाही. तो त्या प्रयोगातून निघत नव्हता, एवढंच.

अशी तक्रार आपल्या इतिहासातही आहे. १८९५ च्या चित्रालच्या मोहिमेनंतर ब्रिटिश फौजेला वाटलं की नव्या रायफलची गोळी आरपार जाते पण माणूस थांबत नाही. त्यातून कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात टोकाशी शिसं उघडं ठेवलेली गोळी तयार झाली, आणि १८९९ च्या हेग परिषदेत शरीरात पसरणाऱ्या गोळ्या युद्धात न वापरण्याची घोषणा झाली. ‘थांबवणं’ या शब्दामागे कोण कुणाला थांबवत होतं, हे रिसर्च प्रॉब्लेम लिहिताना विसरू नये.

ज्युनिअरच्या तक्त्यातल्या त्या दशांशवाल्या रकान्याचं मूळ १९९२ च्या एका पुस्तकात आहे. इव्हान मार्शल आणि एडविन सॅनो यांनी प्रत्यक्ष गोळीबारांच्या घटना जमवल्या. व्याख्या अशी केली : धडावर एकच गोळी लागली आणि समोरचा हल्ला सोडून कोसळला किंवा दहा फुटांच्या आत थांबला, तर ती गोळी यशस्वी. ज्यांना एकाहून जास्त गोळ्या लागल्या त्या घटना वगळल्या. वाचताना हे स्वच्छ, काटेकोर वाटतं. मलाही वाटलं होतं.

पण एखाद्या क्लासने बोर्ड लावला, ‘पहिल्याच प्रयत्नात नेट, ९० टक्के’, आणि खाली बारीक अक्षरांत लिहिलं की फक्त एकदाच परीक्षेला बसलेले विद्यार्थी मोजले आहेत, तर? जो नापास झाला तो दुसऱ्यांदा बसला, आणि बसला म्हणून छेदातून गळाला. तसंच इथे. पहिली गोळी निष्फळ ठरली की माणूस दुसरी झाडतो, आणि दुसरी लागली की ती घटना यादीतून बाहेर. अपयश मोजण्याआधीच वगळलं जातं. मार्टिन फॅकलर या लष्करी शल्यविशारदाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी या कामावर कडाडून टीका केली. तरी टक्केवारी तीस वर्षं फिरतेच आहे, कारण तक्ता फॉरवर्ड होतो, व्याख्या होत नाही.

यापेक्षा प्रामाणिक प्रयत्न ग्रेग एलिफ्रिट्झ या अमेरिकन पोलिस प्रशिक्षकाचा. त्याने सुमारे १८०० जणांना गोळी लागल्याची माहिती जमवली आणि मुख्य म्हणजे कच्चे आकडे दिले. त्यात एक रकाना आहे, ‘निकामी होईपर्यंत सरासरी किती गोळ्या’. .२२ साठी १.३८, ९ मिमीसाठी २.४५. म्हणजे चिमुकली .२२ जास्त जोरकस? कॅल्क्युलेटर काढा. .२२ मध्ये १५४ माणसं, २१३ गोळ्या. भागाकार १.३८. ९ मिमीमध्ये ४५६ माणसं, ११२१ गोळ्या. भागाकार साधारण २.४६. म्हणजे हा आकडा ‘निकामी होईपर्यंत’चा नाहीच, तो फक्त दरडोई लागलेल्या गोळ्या सांगतो. अर्धस्वयंचलित पिस्तुलातून माणूस भराभर दोन-तीन झाडतो, परिणाम बघायला थांबत नाही, म्हणून ९ मिमीचा आकडा फुगतो. लेखकाने स्वतःही ही अडचण सांगितली आहे. स्क्रीनशॉट काढणाऱ्यांनी ती सांगितलेली नाही.

त्याच कामातला दुसरा रकाना मला जास्त मोलाचा वाटतो : गोळ्या लागूनही न थांबलेल्यांचं प्रमाण. ९ मिमीत १३ टक्के, .४५ मध्ये १४. ज्या दोन बोअरवरून पिढ्यान् पिढ्या भांडणं झाली त्यांच्यात फरक शून्यवत. .३२ मध्ये मात्र ४० टक्के. आपल्याकडे हाच आकडा दाखवून .३२ ला खेळणं म्हणतात. पण .३२ ची माणसं किती? २५. पंचवीसमध्ये दहा. ९५ टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल मांडला तर साधारण २३ ते ५९ टक्के येतो. .३२ कमी पडते अशी शंका घ्यायला जागा आहेच, ९ मिमीचा इंटरव्हल साधारण १० ते १६ असा येतो. पण ‘४० टक्के’ असं बोट ठेवून सांगायला जागा नाही.

एकाच घटनेवरून धोरण कसं झुलतं तेही पाहण्यासारखं आहे. ११ एप्रिल १९८६ ला मायामीत एफबीआयच्या दोन एजंटांना दोन दरोडेखोरांनी ठार केलं. त्यातल्या एकाला सुरुवातीलाच ९ मिमीची गोळी दंडातून छातीत लागली होती, ती हृदयाच्या थोडी अलीकडे थांबली आणि तो लढत राहिला. त्यावरून एफबीआय आधी १० मिमीकडे गेली, मग .४० कडे, आणि २०१०च्या दशकाच्या मध्यात पुन्हा ९ मिमीवर आली. मधल्या काळात हाती लागलेली खरी गोष्ट मोजमापाची होती : जिलेटिनच्या ठोकळ्यात गोळी किमान १२ इंच जाते का हे बघायचं. परत येण्याचं कारणही साधं, नव्या गोळ्या सुधारल्या आणि कमी धक्क्याच्या पिस्तुलाने प्रशिक्षणार्थींचा नेम चांगला लागतो. त्यांच्याच १९८९ च्या अहवालातलं एक निरीक्षण माझ्या डोक्यातून जात नाही. हृदय पूर्ण निकामी झालं तरी मेंदूत दहा-पंधरा सेकंद हालचाल करण्याइतका ऑक्सिजन उरतो. एरवी माणूस थांबतो तो बहुतेकदा भीतीने किंवा वेदनेने, म्हणजे स्वतः ठरवून. मग ‘थांबवण्याची ताकद’ हा गोळीचा गुणधर्म की समोरच्या माणसाचा?

इथे प्रश्नच बदलून विचारणारा एक पेपर आहे. २०१८ मध्ये ब्रागा आणि कुक यांनी बोस्टनमधल्या २०१० ते २०१४ च्या गोळीबारांतली, कॅलिबर माहीत असलेली ३६७ प्रकरणं तपासली. त्यांनी विचारलं, माणूस मेला का? लहान कॅलिबरच्या तुलनेत मध्यम कॅलिबरला मृत्यूचा ऑड्स रेशो २.२५, मोठ्याला ४.५४. जखमांची संख्या आणि जागा मात्र कॅलिबरप्रमाणे बदलत नव्हती, त्यामुळे ‘मोठी बंदूक वापरणारे जास्त पक्के इरादेवाले असतात’ हा आक्षेप बराचसा गळून पडतो. स्वसंरक्षणवाल्यांनी हा पेपर ‘मोठं बोअर घ्या’ म्हणून शेअर केलेला मी पाहिलाय. पण त्यात मोजलाय मृत्यू. हल्ला दोन सेकंदांत थांबला का, हे त्यात कुठेच नाही. चार तासांनी दवाखान्यात दगावलेला माणूस या पेपरात ‘परिणाम’ आहे, काकांच्या शिवाररस्त्यावर नाही. आणि आपल्या कायद्यात स्वसंरक्षणाचा हक्क, भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४ कलमं, बचावाला लागेल तेवढ्यापुरताच आहे.

आपल्याकडे तर कॅलिबर संशोधनाने निवडलेलंच नाही. सैन्य-पोलिसांची ९ मिमी, .३८, .४५५ ही बोअर सामान्य माणसाला बंद, म्हणून उरते ती मुख्यतः .३२. तिची काडतुसंही आपल्याच खडकीच्या कारखान्याची, तळाशी ‘केएफ’ छापलेली. २०१४ मध्ये कानपूरच्या कारखान्याने बायकांसाठी म्हणून ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर काढलं, अर्ध्या किलोचं, किंमत १ लाख २२ हजार. एका बाजूने जाहिरात, दुसऱ्या बाजूने ‘.३२ ने काय होतंय’ अशी टिंगल. दोघांनीही बोअर, वजन, किंमत यावरच वाद घातला. ते पर्समधून किती सेकंदांत निघतं आणि हात थरथरताना नेम किती बसतो, हा रकाना दोघांकडेही नव्हता.

नाशिककर असाल तर आत्तापर्यंत तुमच्या तोंडावर जॅक्सन आला असेल. आमच्या अभ्यासिकेतही आलाच. २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरे यांनी ब्राउनिंग पिस्तुलाने कलेक्टर जॅक्सनला मारलं, मग छोट्या पिस्तुलाला नावं का ठेवता? उत्तर एवढंच की ‘शारदा’ नाटकाला आलेला, बेसावध, हाताच्या अंतरावरचा माणूस आणि अंधारात अंगावर धावून येणारा माणूस हे एका सॅम्पलमधले नाहीत.

ज्युनिअरला मी म्हटलं, याला डेटा म्हण, पण प्रत्येक रकान्यावर पेन्सिलीने लिही : नक्की काय मोजलं, कोणाला वगळलं, किती जण. तिसऱ्या रकान्याशी पोचेपर्यंत त्याची पेन्सिल थांबली होती.

घरी येऊन काकांना फोन केला. माझा तक्ता डिलीट करा म्हटलं. ते म्हणाले, “अरे, तो मी दोघा-तिघांना पाठवलाय.” मग मी विचारलं, रिव्हॉल्व्हर कुठे असतं? “कपाटात. किल्ली तुझ्या काकूकडे.” आणि रात्री पैसे घेऊन येताना? “छे, मग तर बरोबर दोन पोरं असतात. ते कशाला न्यायचं, हरवलं तर?”