दुर्बिणीपलीकडचा माणूस

समीक्षा म्हटली की कथा, कादंबरी, नाटक आणि फार तर चित्रपट, एवढ्यापुरतीच आपली लेखणी चालते. आपल्या घरांतील मुले सायंकाळी ज्या कलाप्रकारात सर्वाधिक रमतात, त्याविषयी मात्र आपण केवळ तक्रार करतो. अनेकांनी मिळून खेळावयाचे गोळीबाराचे खेळ आम्ही येथे वाङ्मयाच्या कसोटीवर घासून पाहणार आहोत. त्यांतील पात्रांना माणूसपण लाभते काय, आणि लाभत असेल तर ते कशाने, एवढाच आमचा प्रश्न आहे.

निर्मात्यांचा पहिला उपाय असतो चरित्राचा. ‘व्हॅलोरंट’ या खेळात ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘हार्बर’ हे भारतीय पात्र दाखल झाले. त्याचे नाव वरुण बत्रा. तो पाण्याच्या भिंती उभारतो आणि जलघुमट रचून सोबत्यांना गोळ्यांपासून आडोसा देतो. कल्पना सुंदर आहे. परंतु तो ‘भारताच्या किनाऱ्यावरचा’ आहे असे सांगितले की आमच्यासारख्या वाचकाच्या मनात लगेच शंका उभी राहते: कोणत्या किनाऱ्यावरचा? वसईचा, मालवणचा की कोचीचा? नाव जलदेवतेचे आणि आडनाव पंजाबातले. हे अशक्य मुळीच नाही. फाळणीनंतर मुंबईच्या सायन-कोळीवाडा भागात पंजाबी निर्वासित वसले, हे सर्वांस ठाऊक आहे. पाच नद्यांचा प्रदेश गमावून समुद्राकाठी आलेल्या आजोबांचा हा नातू आहे, एवढे एक वाक्य जरी लिहिले गेले असते, तरी त्याच्या पाण्याला अर्थ आला असता. आज ते पाणी केवळ अस्त्र आहे.

२०१६ च्या ‘ओव्हरवॉच’मधील सत्या वासवानी, म्हणजेच ‘सिमेट्रा’, हिचे लेखन अधिक श्रमाने झाले आहे. हैदराबादच्या गरिबीतून एका बलाढ्य कंपनीने तिला उचलले आणि आपल्या विद्यालयात घडविले. ती स्वमग्न आहे, हेही निर्मात्यांनी २०१७ साली स्पष्ट केले. तिच्या चित्रकथेत रिओच्या गरीब वस्तीला आग लागते, एक मुलगी पोळते, आणि आपल्या मालकांविषयी सत्याच्या मनात संशय जागा होतो. येथे खरे साहित्य आहे. पण ते चित्रकथेत आहे! प्रत्यक्ष सामना सुरू झाला की त्या संशयाचा मागमूस उरत नाही. आमच्या कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी १९२५ मध्ये ‘सावकारी पाश’ काढला, तेव्हा चित्रपटाला वाचाच नव्हती. तरीही त्यातील शेतकरी माणूस वाटतो, कारण त्याची जमीन पडद्यावरच जाते. पात्राचे दुःख कृतीच्या बाहेर ठेवून भागत नाही, हा नाट्यशास्त्राचा जुनाच नियम आहे.

पुण्याच्या ‘सुपरगेमिंग’ या कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘इंडस’बद्दल आम्हांला आपुलकी आहे, पण सर-ताज, मोरनी इत्यादी पात्रांचे भारतीयत्व आम्हांला तरी वेशभूषेपाशीच थबकलेले दिसते.

दुसरा उपाय आवाजाचा, आणि तो अधिक फलदायी ठरला आहे. २०१९ च्या ‘एपेक्स लेजेंड्स’मध्ये खेळाडूने एक कळ दाबून जागा दाखविली की पात्र आपल्या ढंगात ती बोलून दाखविते. ही योजना दिसते त्याहून मोलाची आहे. परक्यांशी माईकवर बोलताना शिवीगाळ सोसावी लागते म्हणून अनेक मुली माईक बंदच ठेवतात. त्यांना येथे पात्राच्या तोंडून बोलता येते. याच खेळात २०२० साली आलेली रम्या पारेख आपल्या यंत्रबंदुकीला ‘शीला’ या नावाने हाक मारते आणि तिच्याशी लाडाने बोलते. सत्या व रम्या या दोघींचा आवाज अंजली भिमाणी या एकाच अभिनेत्रीचा आहे. पण रम्या अधिक जिवंत वाटते, कारण तिची बडबड सामन्याच्या धुमश्चक्रीतच चाललेली असते.

आमच्या मते या प्रकारातील सर्वांत थोर कृती मात्र २००८ मधील ‘लेफ्ट फोर डेड’ हीच. व्हिएतनाम युद्धातला म्हातारा सैनिक बिल, महाविद्यालयीन झोई, कचेरीतला लुई आणि फटफटीवाला फ्रान्सिस या चौघांची पूर्वकथा जवळजवळ सांगितलेलीच नाही. ते एकमेकांना नावाने हाका मारतात, मलमपट्टी झाल्यावर आभार मानतात, कुरकुरतात. आणि शत्रूने झडप घालून खाली पाडले की स्वतःहून सुटता येत नाही. कोणीतरी धावून यावेच लागते. बिलचे चरित्र न वाचताही आम्ही त्याच्यासाठी मागे फिरतो.

तरीही हे सारे आपल्या बाजूच्या माणसांपुरतेच झाले. समोरच्याचे काय? खासबागेत कुस्ती लागते तेव्हा हा गंगावेस तालमीचा, तो मोतीबागचा, कोणाचा वस्ताद कोण, हे सारे मैदानाला ठाऊक असते. जोड एकमेकांचा हात हातात घेऊन भिडते. म्हणूनच चीतपट झालेल्या मल्लासाठीही लोक हळहळतात. गोळीबाराच्या खेळात प्रतिस्पर्धी दोन क्षण दुर्बिणीत दिसतो आणि संपतो. २००७ च्या ‘टीम फोर्ट्रेस टू’ने येथे थोडी वाट दाखविली: एकाच शत्रूने वारंवार मारले तर तो तुमचा वैरी म्हणून नोंदला जातो, आणि पात्रे त्या वैरावर एकमेकांना टोमणे मारतात. वैर झाले म्हणून काय झाले, तेही नातेच.

आपल्याकडे प्रवास उलट दिशेने झाला. सप्टेंबर २०२० मध्ये ‘पबजी मोबाईल’वर बंदी आली आणि २०२१ साली तोच खेळ भारतीय अवतारात परतला, तेव्हा त्यात रक्त हिरवे झाले होते आणि ‘किल’च्या जागी ‘फिनिश’ हा शब्द आला होता. हेतू मुलांच्या संरक्षणाचा होता, आणि तो आम्ही अमान्य करीत नाही. पण लाल रक्त पुसल्याने गोळी थांबली नाही. गोळी लागणारा मात्र माणूस उरला नाही. आमच्या धर्मग्रामातील मुले या खेळात ‘बॉट’, म्हणजे यंत्राने चालविलेला खेळाडू, नेमका ओळखतात. आम्ही खूण विचारली तेव्हा ती म्हणाली, “फादर, बॉट घाबरत नाही. खरा माणूस असला की लपतो, चुकतो, मित्र पडला की उगाच उघड्यावर धावतो.” चरित्रलेखकांनी पानेच्या पाने लिहून जे साधले नाही, ते या मुलांना समोरच्याच्या गोंधळात दिसते. निर्मात्यांनी आपल्या पात्रांना हा गोंधळ द्यावा: हात थरथरावा, हाक अर्धवट राहावी, आणि हे शत्रूलाही ऐकू जावे.