फ्रेमबाहेर काढलेले उपनगर

मुंबईच्या उपनगरातली असल्फ्याची टेकडी २०१७च्या अखेरीस रंगवली गेली. घरांच्या भिंतींना गुलाबी, पिवळा, निळा रंग लागला आणि काही दिवसांत त्या वस्तीला इटलीतल्या पोझितानोची उपमा मिळाली. ज्यांनी रंग लावला त्या स्वयंसेवकांबद्दल माझी तक्रार नाही. भिंत रंगली तर आत राहणाऱ्यालाही बरे वाटते. माझा राग छायाचित्रकारांवर आहे. वर्सोवा-घाटकोपर मेट्रो जून २०१४मध्ये सुरू झाली, तेव्हापासून ही टेकडी रोज खिडकीतून दिसत होती. एकावर एक चढत गेलेली घरे, त्यांच्यामधून जाणारे उभे जिने, पावसाळ्यापूर्वी छपरांवर अंथरली जाणारी निळी ताडपत्री, पाण्याची काळी पिंपे, आणि संध्याकाळी एकेका घरात लागत जाणारे दिवे. साडेतीन वर्षे हे सगळे समोर होते. कॅमेरे बाहेर निघाले ते डबे घेऊन कोणी रंग लावून गेल्यावर, आणि मग जो तो फलाटाच्या त्याच टोकावरून तोच एक फोटो काढू लागला.

ही सवय असल्फ्यापुरती नाही. उपनगरांतल्या सभागृहांत भरणारी हौशी मंडळींची प्रदर्शने पाहा, सोसायट्यांची कॅलेंडरे पाहा, मोबाइलवर फिरणारी ‘माझे बोरिवली’, ‘सुंदर मुलुंड’ अशा नावांची चित्रे पाहा. सौंदर्य बाहेरून आणून लावायचे असते, किंवा आपल्या वस्तीतून वजाबाकी करून मिळवायचे असते, अशीच त्यांची समजूत दिसते. आकाश जांभळे करून घ्यायचे, इमारत कापून टाकायची, वायर पुसून टाकायची. जे उरते त्याला निसर्ग म्हणायचे.

मुंबईच्या छायाचित्रणाचा वारसा लहान नाही. १८५४ साली इथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी त्या पहिल्या पिढीत कॅमेरा हाताळत होते. होमाई व्यारावाला यांनी दिल्लीला जाण्यापूर्वी, १९३०च्या दशकात, जे. जे. कलाशाळेतल्या मैत्रिणींची आणि शहराच्या साध्या दिवसांची जी चित्रे घेतली, ती आजही ताजी वाटतात. पण उपनगर या वारशात कुठे येते? ते येते चर्चगेटला. १९९५ साली सेबास्तियाव साल्गादो यांनी तिथे गर्दीचा लोंढा टिपला. त्याच वर्षी, त्याच स्थानकात रघू राय यांनी वृत्तपत्र वाचणारी स्थिर माणसे आणि भोवतीचा धूसर प्रवाह टिपला. दोन्ही चित्रे थोर आहेत. पण त्यांत वाहणारी माणसे कुठली आहेत? ती अंधेरीची आहेत, मालाडची आहेत, बोरिवलीची आहेत. भारतीय छायाचित्रणात उपनगरी माणूस प्रवेश करतो तो गाडीतून उतरल्यावर, दक्षिण मुंबईच्या जमिनीवर, चेहरा पुसलेला थेंब म्हणून. तो जिथून निघाला ती जागा चित्रात येत नाही.

म्हणून मला अनुश्री फडणवीस यांची ‘ट्रेन डायरीज’ ही मालिका इतकी महत्त्वाची वाटते. लोकलच्या महिलांच्या डब्यात, स्वतः प्रवासी म्हणून, बहुतांशी मोबाइलवर काढलेली ही चित्रे. तिथे लोंढा नाही, एकेक बाई आहे. पश्चिम रेल्वेने रोज जाणाऱ्याला एक गोष्ट अंगाला ठाऊक असते. सकाळी गाडी दक्षिणेला जाते तेव्हा पूर्व डावीकडे असते, आणि संध्याकाळी उत्तरेला परतताना पश्चिम डावीकडे असते. म्हणजे दोन्ही वेळा ऊन डाव्या बाजूने आत येते. हा प्रकाश तिरपा आणि मऊ असतो, मधले खांब आले की तुटतो, पुन्हा जुळतो. डुलकी घेणाऱ्या बाईच्या गालावर तो क्षणभर थांबतो आणि शेजारणीच्या ओढणीवर सरकतो. स्टुडिओतल्या माणसाला हा प्रकाश दिवे लावून मिळणार नाही. तो पासधारकाला मिळतो, कारण कोणत्या स्थानकानंतर वळण आहे आणि कुठे उन्हाची तिरीप येणार हे त्याला माहीत असते. सौंदर्य सापडण्याची अट मला इथे दिसते. त्या जागी पुन्हा पुन्हा असावे लागते, आणि समोरच्या माणसाच्या उंचीवर असावे लागते. चिरोदीप चौधुरी यांची लोकलमधल्या सहप्रवाशांची व्यक्तिचित्रेही याच घराण्यातली. बघणारा आणि बघितला जाणारा एकाच बाकाच्या मापात बसलेले.

उंचीचा मुद्दा मी मुद्दाम काढतो आहे, कारण सध्या सगळ्यांनाच वर जायचे आहे. उद्धव ठाकरे यांच्या ‘महाराष्ट्र देशा’ने हेलिकॉप्टरमधून गड दाखवले. त्या पुस्तकाची भव्यता मान्य, पण त्यानंतर आकाशातून पाहणे म्हणजेच पाहणे असे एका पिढीला वाटू लागले, आणि ड्रोन स्वस्त झाल्यावर तर बोलायलाच नको. जॉनी मिलर यांच्या ‘अनइक्वल सीन्स’ या ड्रोन-मालिकेतली मुंबई एका नजरेत कळते आणि दुसऱ्या नजरेसाठी काही शिल्लक ठेवत नाही.

आपल्याकडे या प्रश्नाची तात्त्विक तयारी फार पूर्वी झाली होती, आणि छायाचित्रकारांनी तिचा काहीच उपयोग केला नाही याचे मला दुःख आहे. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’मध्ये सौंदर्य विषयात नसते, संवेदनांच्या लयबद्ध रचनेत असते, असे मांडले आणि संवाद, विरोध, समतोल ही त्या लयीची तत्त्वे सांगितली. हे डोळ्यांपुढे ठेवून अंधेरीचा गिल्बर्ट हिल पाहा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, दोनशे फुटी काळ्या बेसाल्टचा उभा सुळका, माथ्यावर गावदेवीचे देऊळ, आणि पायथ्याला चारही बाजूंनी भिडलेली घरे व इमारती. दगडाच्या उभ्या रेषा आणि इमारतींच्या उभ्या रेषा यांचा संवाद, दगडाचा काळा आणि वाळत घातलेल्या कपड्यांचे रंग यांचा विरोध. इतके तयार चित्र दुसऱ्या कोणत्या शहरात रस्त्यावर उभे असेल? तरी त्याचे फोटो निघतात ते घरे टाळून, केवळ आकाशावर कोरलेला दगड म्हणून. मर्ढेकरांचे दोन तृतीयांश तिथेच कापले गेले.

अर्थात छायाचित्राला केवळ लयीवर सोडता येत नाही. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त कलेला जगण्याशी जोडणारा लौकिकतावाद आणि तिला जगण्यापासून स्वायत्त मानणारा अलौकिकतावाद अशा दोन ध्रुवांमधली ओढाताण दाखवली. ही ओढाताण छायाचित्राइतकी दुसऱ्या कोणत्याच कलेत उघडी पडत नाही, कारण कॅमेऱ्यासमोर ती वस्तू, त्या दिवशी, खरोखर असावी लागते. अमेरिकेतल्या डेन्व्हरभोवतीच्या कंटाळवाण्या नव्या वसाहतींचे फोटो काढून १९७४मध्ये ‘द न्यू वेस्ट’ प्रसिद्ध करणारे रॉबर्ट अॅडम्स हे उपनगराचे खरे छायाचित्रकार. भूदृश्याला भूगोल, आत्मचरित्र आणि रूपक ही तिन्ही अंगे लागतात, आणि ती एकत्र आली की एकमेकांना बळ देतात, असे त्यांचे म्हणणे. आमच्याकडे ड्रोनवाल्यांकडे नुसता भूगोल आहे, सेल्फीवाल्यांकडे नुसते आत्मचरित्र आणि स्पर्धावाल्यांकडे नुसते रूपक. सूर्यास्त, एकटे झाड, एकटी होडी.

तिन्ही एकत्र पाहायचे असतील तर आज कॅमेऱ्यापेक्षा कुंचल्याकडे जावे लागते. ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करत सुधीर पटवर्धनांनी ‘पोखरण’, ‘उल्हासनगर’ अशी चित्रे रंगवली. त्यांत टेकडी, नाला, अर्धी बांधलेली इमारत आणि माणूस एकाच श्वासात येतात. जे कॅमेऱ्याला सर्वांत सोपे असायला हवे होते ते चित्रकाराने आधी केले. छायाचित्रणात त्या जातीचे काम मला मुंबईबाहेर, कणकवलीच्या इंद्रजित खांबे यांच्याकडे दिसते. दशावतारी कलावंत, तालमीतले मल्ल, आणि तितक्याच आस्थेने स्वतःच्या घरातली, गावातली माणसे. आपल्या जिल्ह्यात राहून, आपल्याच अंगणात सौंदर्य शोधणारा हा माणूस मुलुंडच्या एखाद्या फोटोक्लबात बसला तर तिथल्या लोकांना तो काय सांगेल, असे मला वारंवार वाटते. मुंबईत रितेश उत्तमचंदानी यांनी २०१८मध्ये स्वतःच काढलेल्या ‘द रेड कॅट अँड अदर स्टोरीज’मध्ये असा शेजारपणाचा सूर आहे. केतकी शेठ यांच्या ‘बॉम्बे मिक्स’मधल्या रस्त्यांवरही तो आहे. सुधारक ओलवे यांनी सफाई कामगारांसोबत घालवलेली वर्षे तर वेगळ्या लेखाचा विषय.

पण या सगळ्यांत एका चित्राला मी सर्वांत वर ठेवीन. नयन खानोलकर यांचे ‘द अॅली कॅट’. आरे वसाहतीतल्या वारली पाड्यात, घरांच्या मधल्या अरुंद बोळातून रात्री चालत येणारा बिबट्या. २०१६मध्ये लंडनच्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत त्याला शहरी विभागाचा पुरस्कार मिळाला. हा फोटो कॅमेरा ट्रॅपचा आहे, म्हणजे छायाचित्रकार त्या क्षणी तिथे नव्हता. पण बोळात एरवी असतो तसाच उजेड पडावा म्हणून फ्लॅश कुठे लावायचे, हे ठरवणारी नजर महिनोन्महिने तिथे होती. या चित्रात जंगल आणि घर अशा दोन वस्तू नाहीत, एकच जागा आहे. याउलट स्टीव्ह विंटर यांनी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात टिपलेला बिबट्या आठवा. मागे शहराचे दिवे लुकलुकतात. चित्र देखणे आहे, पण शहर तिथे पडद्यासारखे टांगलेले आहे.

हा फरक केवळ रुचीचा नाही, आणि म्हणूनच मला भांडायचे आहे. वर्षानुवर्षे आरेचे फोटो धुके, पाऊलवाट आणि पाचू हिरवाई असे निघाले. गोठे कापले, रस्ते कापले, पाडे कापले. मग तिथली झाडे तोडून मेट्रो कारशेड बांधण्याचा वाद उभा राहिला आणि प्रश्न आला की हे जंगल आहे का? इथे तर गोठे आहेत, रस्ते आहेत, माणसे आहेत, असे बोट दाखवणे सोपे झाले. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने तोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या, त्याच रात्री तोड सुरू झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने ७ तारखेला थांबवेपर्यंत २,१४१ झाडे गेली होती. न्यायालये फोटो पाहून निकाल देत नाहीत, हे मला कळते. पण लोकांच्या मनातले ‘जंगल’ कशाचे बनते? माणूस नसेल तरच जंगल, ही व्याख्या ज्या डोळ्यांना शिकवली गेली, ते डोळे पाड्यासकट असलेल्या जंगलाची बाजू कशी घेणार? खानोलकरांचा बोळ हे त्या वादातले सर्वांत प्रामाणिक उत्तर होते. ते एकटे पडले.

ठाण्याच्या खाडीत तेच चालू आहे. २०१५मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाले, २०२२मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा रामसर दर्जा मिळाला, आणि हिवाळा आला की भांडुप पंपिंग स्टेशनपाशी लांब लेन्सच्या रांगा लागतात. खाडीवर उच्चदाबाच्या तारा आहेत, पलीकडे ऐरोलीच्या इमारती आहेत, अलीकडे तिवर आणि मिठागरे आहेत. फोटोत फक्त गुलाबी पंख येतात. २० मे २०२४च्या रात्री विमानाच्या धडकेने ३९ फ्लेमिंगो घाटकोपरच्या पंतनगर परिसरात मरून पडले. बहुतेकांनी फ्लेमिंगो आणि वस्ती एकाच फ्रेममध्ये पाहिली ती तेव्हा, बातमीच्या फोटोंत. आणि मिठागरे? मुलुंड, भांडुप, कांजूरची ती चौकोनी पाणथळे कोणी सौंदर्य म्हणून पाहिलीच नाहीत. ती ना हिरवी ना गरीब, त्यामुळे ना कॅलेंडरला उपयोगी ना पुरस्काराला. त्यातली सुमारे २५६ एकर जमीन धारावीच्या पुनर्विकासाशी जोडलेल्या घरांसाठी देण्याचा निर्णय २०२४मध्ये झाला, तेव्हा तिला ‘पडीक’ म्हणणाऱ्यांसमोर ठेवायला आपल्याकडे चित्रांचा एक चांगला संचही नव्हता.

मला उलट विचारले जाते, मग काय तारा आणि टॉवरच दाखवायचे? दिवसभर धक्के खाऊन आलेल्या माणसाने भिंतीवरही तेच पाहायचे? या प्रश्नात उपनगरी माणसाबद्दल एक अनादर आहे. त्याचे रोजचे जग बघण्यालायक नाही, असे त्यात गृहीत आहे. मी कुरूपतेची आरती करायला सांगत नाही. नाला, उकिरडा आणि रडके मूल यांवर जगणारी छायाचित्रे मला कॅलेंडरइतकीच खोटी वाटतात, कारण तिथेही निम्मे जग कापलेले असते. मी म्हणतो ते एवढेच की बॉक्स ग्रिलमधली तुळस आणि मागची मेट्रोची तुळई एकत्र पाहणाऱ्याला जे सापडते, ते तुळस एकटी पाहणाऱ्याला सापडत नाही.

आणि या कापाकापीला नियमांचाही आधार आहे. आंतरराष्ट्रीय सलून स्पर्धांच्या ‘निसर्ग’ विभागात मानवी खुणा चालत नाहीत. त्या नियमाला अपवाद आहे. माणसाने बदललेल्या परिसराशी जुळवून घेतलेले घुबड किंवा करकोचा त्यात बसतो. आपल्या क्लबांनी नियम पाठ केला आणि अपवाद विसरले. मुंबईची उपनगरे हा तो अपवाद आहे. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान इथे लोकलच्या स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. बोरिवली, मुलुंड आणि घाटकोपरच्या क्लबांनी पुढच्या वार्षिक स्पर्धेतून ‘निसर्ग’ आणि ‘जनजीवन’ हे दोन विभाग काढून टाकावेत आणि एकच विभाग ठेवावा, आपल्या स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरातला. फोटो निघेल ती जागा दाखल करणाऱ्याने वर्षभर पाहिलेली असावी, अशी अट घालावी. आणि ते प्रदर्शन जहांगीर कलादालनात नेऊ नये. स्थानकाच्या पुलावर लावावे, म्हणजे ज्या बाईची डुलकी टिपली ती कामावर जाता जाता पाहील आणि बरे-वाईट सांगेल.