शेतकऱ्याच्या नावाने

कंबोडियातील ख्मेर रूज राजवटीविषयी लिहिताना बहुधा तिच्या क्रौर्याचीच नोंद होते. एप्रिल १९७५ ते जानेवारी १९७९ या काळात सुमारे १७ लक्ष माणसे मेली, हे पाहता ते स्वाभाविक आहे. तथापि त्यामागील कल्पना ध्यानी घेतल्याखेरीज या विषयावरील साहित्याचे मर्म उलगडत नाही. शेतकरी तेवढा निर्मळ, शहर तेवढे परोपजीवी. म्हणून नाणे, बाजार, शाळा सारेच बंद केले पाहिजे, अशी ती कल्पना होती. ती राबविणारे पोल पॉट व खिऊ साम्फान पॅरिसमध्ये शिकलेले होते. अमेरिकन बॉम्बवर्षावाने होरपळलेल्या खेड्यांचा संताप त्यांना आयताच लाभला. १९७६ च्या योजनेने हेक्टरी ३ टन भाताचे लक्ष्य ठरविले. ते पुरे झाल्याचे दाखविण्यासाठी भात उचलले गेले आणि पिकविणारे उपाशी राहिले.

रिथी पान्ह यांचे 'द एलिमिनेशन' (२०१२) हे आत्मकथन ही कल्पना तिच्या शब्दांतच पकडते. सत्तेला चेहरा नव्हता. ती नुसती 'अंगकार', म्हणजे संघटना. शहरांतून हाकललेले ते 'नवे लोक'. शिक्षणखात्यात अधिकारी असलेले लेखकाचे वडील जनावराच्या लायकीचे अन्न नाकारून मरण पत्करतात. माणूस कोणाला म्हणावे, हे ठरविण्याचा अधिकार ते अंगकारला देत नाहीत.

मराठी वाचकाला येथे गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) आठवेल. विचारसरणी साम्यवादीच, आणि प्रश्नही जमिनीचा व वेठबिगारीचा. परंतु तेथील वारली ही कल्पना नाही. तो भितो, शंका घेतो, बोलतो. आणि लेखिका त्याच्याकडून शिकते. हा फरक केवळ सत्ता हाती असण्या-नसण्याचा आहे, असा आक्षेप घेता येईल, आणि तो सर्वस्वी खोटा नाही. मात्र ज्याच्या नावाने बोलायचे त्याचे ऐकण्याची सवय सत्ता येण्यापूर्वीच जडावी लागते.

या राजवटीवरील खटले २०२२ मध्ये संपले, तेव्हा शिक्षा तिघांनाच झाली होती. अधिक खोल परिणाम जमिनीत राहिला. खाजगी मालकीबरोबर तिचे दप्तरही नष्ट झाल्याने शेतकऱ्यापाशी स्वतःच्या शेताचा कागद उरला नाही. पुढील दशकांतील जमिनीच्या तंट्यांचे एक मूळ तेथे आहे. शेतकऱ्याचे राज्य म्हणविणाऱ्यांनी शेतकऱ्याला दिलेला वारसा तो हा.